वेल्लत्तंबीचं माप

"माझ्या भावाला कुणीतरी बदललंय," ऋचा म्हणाली.

ती आईशी बोलत होती, पण आरोप आईवर नव्हता. कुणावर करायचा तेच तिला कळत नव्हतं. जयवंतीबाई ओट्यापाशी डोशाचं पीठ ढवळत होत्या. त्यांनी मान वरही केली नाही.

"पंचविशीत मुलं बदलतातच. तू नाही बदललीस? पूर्वी वांगं ताटाबाहेर काढायचीस."

"आई, त्याच्या सगळ्या शर्टांच्या बाह्या आखूड झाल्यात."

"बोअरचं पाणी आहे वेलचेरीचं. आटतात कपडे."

"एकदम दीड इंच? आणि झोपेत तमिळ बोलतो तो. ज्याला रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नव्हता, तो!"

"मग चांगलंच झालं की," जयवंतीबाई म्हणाल्या आणि तव्यावर पाणी शिंपडलं.

ऋचाला असल्या वेळी किंचाळावंसं वाटे. कॉलेज संपून वर्ष झालं होतं. या शहरात प्रत्येक गोष्टीचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा असं तिला वाटायचं, आणि तो आजच्या आज द्यायला हवा असंही. पण खरी गोष्ट आईला सांगता येत नव्हती. गुपित पाळायचं वचन तिनं भावाला, हेरंबला दिलं होतं.

गुपित वेल्लत्तंबीचं होतं. मोठ्या पुराच्या साली वेलचेरीच्या पाण्यात निळ्या पोशाखातला एक माणूस दिसू लागला, म्हणजे लोक तसं सांगतात. डोक्यावर पिवळी टोपी, नाकापर्यंत मुखवटा, छातीवर चंदेरी मासा. तुंबलेल्या गल्ल्यांतून तो म्हाताऱ्यांना खांद्यावर घालून बाहेर काढी आणि नाव विचारलं की हात हलवून निघून जाई. पोरांनी त्याला वेल्लत्तंबी म्हणायला सुरुवात केली, पुराचा धाकटा भाऊ. माणसं बदलत गेली, पोशाख तोच राहिला. दर दोन-तीन वर्षांनी तो पत्र्याच्या पेटीत घालून कुणाच्या तरी दाराशी ठेवलेला सापडे. ऑगस्टमध्ये ती पेटी हेरंबच्या दाराशी आली. आत चिठ्ठी होती: "आता तुम्ही."

तेव्हा ऋचाला केवढा अभिमान वाटला होता! नाव नाही, सत्कार नाही, मदतीच्या पाकिटावर छापलेला फोटो नाही. गेल्या तीन आठवड्यांत मात्र त्या अभिमानाची जागा संशयानं घेतली होती. पेटी कुणी ठेवली? हेरंबच का?

दुपारी हेरंबनं तिच्या हातात पिशवी दिली. "एवढं टी. नगरला देऊन ये. खांदा नीट शिवून हवाय. परवा वादळ येतंय म्हणतात."

बोलताना तो तिच्याकडे पाहत नव्हता. खिडकीतून खाली, रस्त्यावर साचलेल्या पाण्याकडे पाहत होता. तहानलेला माणूस पाहतो तसा.

टी. नगरला पोचेपर्यंत साडेतीन वाजले होते, पण ढगांनी उजेड पार खाऊन टाकला होता. साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत रघुराम शिंप्याचं दुकान होतं, जेमतेम एका यंत्राच्या रुंदीचं. वीज गेलेली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या रांगेखाली बॅटरीचा दिवा जळत होता, आणि ओल्या कापडाचा, खडूचा, गंजाचा असा एक वास कोंडून राहिला होता. रघुराम सत्तरीचे असतील. घराणं तंजावरचं. त्यांची मराठी जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखी वाटे, फक्त बाईमाणसाला हाक मारताना तमिळ 'मा' डोकावे.

"बसा मा. काय आणलं?"

तिनं पोशाख फळीवर ठेवला. म्हाताऱ्याचे हात थांबले. मग त्यांनी खांद्याची शिवण दिव्याजवळ धरली. निळ्या कापडावर लाल दोऱ्याचे सात टाके होते.

"हे कोण शिविलं?"

"मीच. तीन आठवड्यांपूर्वी फाटकाच्या टोकाला अडकून फाटला. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी अडकल्या होत्या, पाणी चढत होतं... म्हणून तसाच पटकन शिवला."

"तसाच म्हणजे? अंगावर असतां?"

"हो. घाई होती."

"तोंडांत दोरा धरविला होता त्याच्या?"

ऋचाला हसू आलं. अंगावरचं कापड शिवायची वेळ आली तर तिची आजी तोंडात दोऱ्याचा तुकडा धरायला लावायची. नाहीतर माणूसच शिवला जातो म्हणे. "असलं मी मानत नाही, काका."

रघुराम हसले नाहीत. त्यांनी कपाटातून मापांची लांबट वही काढली आणि तिच्यासमोर उघडली.

"हा पोशाख मीच शिविला. दहा वर्षं झाली. मागाहून तिघे आले, चौथे तुमचे भाऊ. सगळे म्हणत, फार ढगळ आहे, बारीक करा. मी म्हणें, आधी घालून दाखवा." त्यांनी ओळीवर बोट टेकलं. "हे पाहा. तुमच्या भावाची, घालायच्या आधी छाती छत्तीस, बाही चोवीस. घातल्यावर चाळीस आणि साडेपंचवीस. घातल्यावरचें माप चौघांचेही तेंच. कात्री लाविलीच नाही मी. कापड बदलत नव्हतं मा... माणूस बदलत होता."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं. त्या आवाजानं ती दचकली.

"आणि काढल्यावर?"

"काढल्यावर पुन्हा आपल्या मापावर. म्हणून मी गप्प राहिलों. लोक वाचत होते ना." त्यांनी पान उलटलं. "पण गेल्या आठवड्यांत तुमचे भाऊ आले, ऑफिसचा शर्ट शिवावयास. पोशाख अंगावर नव्हता. तरी चाळीस. तरी साडेपंचवीस."

ऋचा वहीवर वाकली. "हे माप आहे कुणाचं?"

"मानाजी नांवाचा जवान होता, पुरांत होडी वल्हवून लोक काढणारा. त्यानंच शिवावयास दिला, पोरें होडीत चढावयास भितात, रंगीत कांही पाहून येतील म्हणाला. माप देऊन गेला. न्यावयास आलाच नाही, पाण्यानं नेला. पोशाख त्याची बायको घेऊन गेली. कनका."

"कनकाक्का? आमच्या तळमजल्यावरच्या?"

वादळात साऱ्या इमारतीला सांबारभात पुरवणाऱ्या, प्रत्येक घराचं दार ठाऊक असणाऱ्या कनकाक्का. ऋचाच्या डोक्यात कुलूप उघडल्यासारखं झालं. ती ताडकन उठली.

"रागवावयास मागाहून जा," रघुराम हलकेच म्हणाले. "आधी भाऊ. पोशाख त्याच्या अंगावर चढवा. ज्या हातानं शिविला त्याच हातानं उसवा. सातही टाके. मग काढावयास लावा. आज. वादळाआधी."

त्यांनी तिच्या हातात लहान कात्री आणि मोजायची टेप ठेवली.

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. वीज इथेही नव्हती. आई खालच्या दुकानात मेणबत्त्या आणायला गेली होती. हेरंब अंधाऱ्या खोलीत पलंगाच्या कडेला पाय जमिनीला टेकवून ताठ बसला होता. होडीत बसतात तसा.

"शिवलं?" त्यानं विचारलं.

"घालून बघ. खांदा लागतोय का ते पाहू."

त्यानं पोशाख चढवला. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. फोनच्या उजेडात तिनं पहिला टाका कापला. दुसरा. खोलीत नदीच्या गाळाचा वास पसरू लागला. तिसऱ्याला त्याचा श्वास घोगरा झाला.

"नको..." तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "बाहेर पाणी चढतंय... माणसं आहेत..."

तिचा हात थांबला. ती माणसं खरीच होती. परवा वादळ येणार होतं, शेजारच्या इमारतीतल्या त्या आजी परवाही तिथेच असणार होत्या. जगाचं भलं व्हावं असं बोलत फिरणाऱ्या मुलीला त्या क्षणी जग नको होतं. भाऊ हवा होता.

"मला माझा दादा हवाय," ती म्हणाली आणि उरलेले चार टाके सपासप कापले.

पोशाख अंगावरून जवळजवळ गळूनच पडला. हेरंब गुडघ्यांवर बसला, धापा टाकत. ऋचानं टेप लावली. छाती छत्तीस. बाही चोवीस. तिनं पुन्हा मोजलं. चोवीसच. मग ती त्याच्या गळ्यात पडून रडली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात गार होता, पण खिडकी उघडी होती, पाऊसही आत येत होता.

पहाटे वीज आली. सकाळी आठच्या सुमाराला, हेरंब अजून अंथरुणातच होता, रात्रीपासून त्यानं तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती, तेव्हा ऋचा पोशाखाची पिशवी घेऊन तळमजल्यावर उतरली. जिन्यात तिनं सगळी वाक्यं जुळवली होती. पेटी तुम्हीच ठेवता. नवरा परत मिळावा म्हणून दुसऱ्यांची मुलं वापरता. चार जणांचा जाब द्या.

कनकाक्कांनी दार उघडलं. केसांत मोगरा होता. दहा वर्षांत कुणी पाहिला नव्हता. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि ती घेतली नाही.

"आता नको गं ती. काल दिवेलागणीला ते घरी आले. पोशाखाशिवाय आले, पहिल्यांदाच." त्यांचा आनंद अंगात मावत नव्हता. मग कपाळावर बारीकशी आठी चढली आणि त्यांनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत आवाज खाली आणला. "माझं नावच विसरलेत बघ. रात्रभर एकच विचारताहेत... ऋचा आली का?"