महादूचा फोटो

बसा रे जवळ. ही लवूची गोष्ट. आचऱ्याच्या तिठ्यावर त्याचं फोटोचं दुकान होतं. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे.

चोवीस सालच्या डिसेंबरची एकोणतीस तारीख, रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या. रात्री नऊला लवू दुकान बंद करत होता, तोच सुभद्रा आली. तिचा नवरा महादू होडी घेऊन गेला, त्याला तीन दिवस झाले होते. किनाऱ्यावरच्या सगळ्या पोलीस ठाण्यांना त्याचा फोटो पाठवायचा होता. पण तिच्या नव्या फोनातला फोटो ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर उघडतच नव्हता.

"त्येचो जेपीजी करूक व्हयो म्हणतत," ती म्हणाली. "करशात मां, काका?"

"दोन मिनिटांचा काम गो. बस."

लवूनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला, बदलला, उघडला. महादू उभा, हसत. गुडघाभर पाण्यात.

"पाण्यात उभो करून काढलंस?"

"नाय. सुक्या रेतीर." तिनं फोन पुढे केला. खरंच, पायांखाली कोरडी वाळू.

बदलताना काहीतरी चुकलं असेल म्हणून लवूनं पुन्हा केला. पाणी कमरेला. महादू आता हसत नव्हता.

पुन्हा केला. पाणी छातीला. हात वर...

"झालो काय, काका?"

लवूनं पडदा तिच्यापासून फिरवला. करावा, तर पाणी चढतं. न करावा, तर माणूस सापडणार कसा? चौथ्यांदा बटण दाबलं.

गळ्याशी.

महादू सरळ लवूकडे बघत होता. तोंड उघडं...

लवूनं मेन स्विच पाडला. नऊ वाजून दहा मिनिटं.

"माझ्यान होत नाय गो..."

ती फोन पदरात धरून अंधारात चालू लागली.

सकाळी महादूचं प्रेत खाडीच्या मुखाशी लागलं. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस कशाला तरी धरून तरंगत असणार. बुडाला तो काल रात्री. नऊच्या सुमाराला.

लवूनं दुकान मोडलं. मला एकच विचारायचा, "नाना, मी थांबलंय म्हणान तो गेलो, की करीत रवलंय म्हणान?"

पुढे सुभद्रानं मालवणातून तोच फोटो फ्रेम करून आणला. सुक्या वाळूवरचा, हसणारा. परवा तिच्या घरी गेलो होतो. काचेवर मिठाचा पांढरा थर दिसला. मी बोट फिरवलं. निघेना.

आतल्या बाजूनं होता.