सात नंबरचं पाणी

लिफ्टमध्ये माझ्या पाठोपाठ एक उंच, उन्हाने रापलेला माणूस शिरला. एका हातात बाटल्यांची लाकडी पेटी, काखेत जाडजूड रजिस्टर.

"त्या मॉडेलवाल्या बाई कुठे बसतात हो?"

"तिसऱ्या मजल्यावर. काय काम होतं?"

"भांडण."

"जपून हं. फार खडूस आहेत म्हणे."

"असू देत. आपणही काही कमी नाही."

तिसऱ्या मजल्यावर मी सरळ जाऊन माझ्या खुर्चीत बसले, आणि त्याचा चेहरा... तो आठवला की मला अजून हसू फुटतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला शिंगं फुटली होती. जमिनीखालचा तेलाचा खडक कॉम्प्युटरमध्ये लाखभर चौकोनी खणांत मांडायचा, त्यात प्रत्येक विहीर नेमक्या खोलीवर उतरवायची आणि पुढे ती किती तेल देईल, किती पाणी, ते सांगायचं, हे माझं काम. सात नंबरची विहीर वर्षभरात पाण्याने भरेल, असं माझं मॉडेल सांगत होतं. आजवरचं पाणीही मॉडेलमध्ये प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसे. मी अहवालात बेधडक लिहून टाकलं – विहिरीवरची मोजणी चुकत असावी.

तिथे मोजणी करणारा माणूस हाच. गेली सहा वर्षं.

"दर महिन्याची एक," म्हणत त्याने विहिरीतल्या तेलाच्या बाटल्या माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. "यात पाणी दाखवा."

दाखवण्याइतकं नव्हतंच. पण हार मानेन ती मी कसली! शेवटी साहेबांनी तोडगा काढला, दोघांनी आठवडाभर बसून सगळे आकडे पुन्हा तपासायचे. महिन्यांचे आधी, विहिरीच्या खोलीचे शेवटी. तो रजिस्टर वाचायचा, मी स्क्रीनवर पडताळायचे. ऑफिसने त्याचं नाव 'बाटलीवाले' ठेवलं आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

"तुम्ही कधी विहीर पाहिलीय?" एकदा त्याने विचारलं.

"दोनशे तरी."

"स्क्रीनवरच्या सोडून."

"...मग नाही."

"सकाळी पाइपाला हात लावला की कोमट लागतो. तेल वर येतंय ते हाताला कळतं." बोलताना त्याचा तळवा टेबलावर उघडा पडला होता. मी त्याकडे पाहत राहिले, आणि मी पाहतेय हे त्याने पाहिलं. मग पुढचे चार आकडे आम्ही दोघांनीही चुकवले.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनी म्हणाली, "भाजीत दोनदा मीठ पडलंय. कोण आहे तो?"

बुधवारी साहेब त्याला म्हणाले, "तुमच्या बाटल्यांनी काही फरक पडेल असं वाटत नाही. विहीर बंद झाली तर तुम्हाला इथेच घेऊ. या बाईंच्या शेजारचं टेबल रिकामंच आहे." मी स्क्रीनमधून मान वर केली नाही, पण कान तापले होते. ती विहीर ऑफिसपासून एका दिवसाच्या प्रवासावर. ती मेली तरच हा इथे येणार होता.

गुरुवारी खोलीचे आकडे झाले. तो जरा हळू आवाजात वाचत होता, एवढंच मला जाणवलं.

शनिवारी सकाळी अंतिम फाइल करताना मी रजिस्टर सहज चाळलं. अगदी पहिल्या पानावर लिहिलं होतं, सर्व खोली विहीर खोदणाऱ्या रिगच्या मचाणापासून मोजली आहे. मचाण जमिनीपासून नऊ मीटर उंच. मी मात्र ती जमिनीपासून धरली होती. म्हणजे माझ्या मॉडेलमधली विहीर नऊ मीटर जास्त खोल, थेट तेलाखालच्या पाण्याच्या तोंडाशी. चूक माझी आणि शिक्षा विहिरीला.

गप्प बसले असते तर शेजारचं टेबल भरलं असतं. खोटं कशाला सांगू? तासभर मी गप्प बसलेही. मग तो चहाचे दोन कप घेऊन आला आणि मला राहवेना.

"हे पान तुम्ही वाचलं नव्हतं," मी म्हणाले.

त्याने कप खाली ठेवले. "वाचलं होतं... मोठ्याने वाचलं नाही."

"सहा वर्षं सांभाळलेली विहीर मरू दिली असती?"

"लाज वाटते सांगायला. पण हे टेबल दिसायला लागलं आणि... पुढचं काही सुचेना."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तो मला इतका आवडला की डोळे भरून आले.

"मीही तासभर गप्प होते," मी म्हणाले. "याच टेबलासाठी."

चहा तसाच राहिला. साहेबांकडे आम्ही दोघं गेलो. चूक माझी हे मीच सांगितलं आणि व्हायची ती शोभा झाली. विहीर नऊ मीटर वर घेऊन मॉडेल पुन्हा चालवलं. पाण्याची रेघ खाली बसली. सात नंबरला अजून चौदा वर्षं होती. दवाखान्यातून घरचं माणूस सुटल्यावर बघावं, तसा तो त्या रेघेकडे बघत होता.

सोमवारी त्याची गाडी आली. पेटी मागे ठेवून तो उगाच दार उघडत-लावत राहिला.

"तिथे कॉम्प्युटर चालतो?" मी विचारलं.

"चालतो. वीज असली की."

"आणि राहायला घर?"

"आहे. पण एका माणसापुरतंच."

"मग माझी अडचणच होईल."

तो थांबला. आणि पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. "तू ये. अडचण मी सोसेन."

त्याच दुपारी मी बदलीचा अर्ज टाकला. विहीर केव्हाच आटली, नोकऱ्याही संपल्या... अडचण मात्र बिचारा अजून सोसतोय.