अर्शीचा डावा डोळा

"हात लावू नकोस, जाहेदा!... तुला तुझ्या पोटातल्या जिवाची शपथ!"

हुस्नाने धावत जाऊन नणंदेच्या हातातलं मांजरीच्या घाणीचं वाळूचं घमेलं हिसकावून घेतलं, आणि पहिल्यांदाच दिवस गेलेली, माहेरी आलेली जाहेदा दचकून भिंतीला टेकली.

सासू नूरबी आतून ओरडतच आली. "माझ्या लेकीवर धावून जातीस? सोता अर्ध्या डोळ्याची पोर जन्माला घातलीस, आता हिच्या लेकरावर नजर हाय व्हय तुजी?"

अर्शीच्या डाव्या डोळ्याची दृष्टी आईच्या पांढऱ्या पायामुळे गेली, असं नूरबी नवी पेठेतल्या साऱ्या नातलगांना सांगत आली होती, आणि हुस्ना मान खाली घालून भाकऱ्या थापत राहिली होती... पण आज तेच मौन एका निष्पाप गर्भाच्या मुळावर उठलं होतं. आता बोलायलाच हवं होतं!

"अम्मी, मला मारा हवं तर, पण ऐका. मांजराच्या घाणीतून एक बारीक जंतू येतो. दिवस गेलेल्या बाईला त्याची लागण झाली, तर पोटातल्या बाळाचे डोळे, मेंदू धोक्यात येतात. अर्शीच्या वेळी हे घमेलं रोज मीच साफ करत होते. सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, की बहुधा त्यातूनच झालं."

नूरबीचा चेहरा पांढराफटक पडला. ओकाऱ्यांनी बेजार झालेल्या सुनेला ते काम तिनंच तर लावलं होतं!

"मग... मग आजवर बोलली का न्हाईस गं?"

"अब्बा नुकतेच गेले होते, अम्मी. त्यांनी पाळलेली मांजर मांडीवर घेतल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुमच्यामुळे नातीचा डोळा गेला, हे तुम्हाला सोसलं असतं? म्हणून यांनाही कधी सांगितलं नाही..."

नूरबी मटकन खाली बसली आणि पदरात तोंड लपवून हुंदके देऊ लागली. हुस्नाने तिला जवळ घेतलं, पण स्वर ढळू दिला नाही.

"मांजरीला हाकलायचं नाही, अम्मी. जाहेदानं तिची घाण काढायची नाही, भाजी धुऊन आणि मटण पुरतं शिजवून खायचं, एवढंच. आणि उद्या हिचं रक्त तपासायचं. मी नेणार!"

तपासणीत जाहेदाला लागण निघाली नाही.

सातव्या महिन्यात गोद भरायला बायका जमल्या, तेव्हा हुस्ना सवयीनं चुलीपाशीच थांबली. नूरबीनं तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. "पयली गोद माझी सून भरंल."

"शकुनाला ही?" एक वयस्कर आत्या पुटपुटली.

"व्हय, हीच! अर्शीच्या डोळ्याला ही कारण न्हाय, मी हाय. मीच हिला मांजरीची घाण काढायला लावली. हिनं सगळं सोसलं, आणि माझ्या लेकीला वाचवलं."

"अम्मी!" हुस्ना कळवळली. "सगळ्यांसमोर कशाला सांगितलंत?..."

"सगळ्यांसमोरच तुला बोल लावले होते की, पोरी!" नूरबीनं डोळे पुसले आणि खजुरांचं ताट तिच्या हातात दिलं. "जा... माझी लेक वाट बघतीया."