न्हाव्यावर फुकटचा आळ

काकपदला राग आला की तिच्या हातातली लाल पेन्सिल कागद फाडायची, आणि त्या दुपारी चौथ्या प्रकरणाची तीन पानं फाटली होती. काकपद हे काही तिचं खरं नाव नव्हे. प्रुफं तपासताना सुटलेला शब्द घालायला जी टोकदार खूण करतात ना, तिला काकपद म्हणतात. ही ती खूण इतक्या सढळ हातानं करायची की सगळा छापखाना तिला त्याच नावानं हाक मारायचा.

मालकांच्या केबिनबाहेरच्या बाकावर ती तणतणत बसली होती. तेवढ्यात एक भिजलेला माणूस आला, शेजारी टेकला आणि त्याच्या छत्रीतलं सगळं पाणी तिच्या चपलेत गेलं. त्यानं घाईघाईनं माफी मागितली. मग फाटक्या पानांकडे बघून हळूच विचारलं, काम फार वाईट आहे का?

"काम चांगलंय. पुस्तक लिहिणारा गाढव आहे."

माणूस बाकाच्या कडेला सरकला. "असं काय केलं त्यानं?"

झालं, बांध फुटला. पुस्तक होतं तर्कातल्या विरोधाभासांच्या इतिहासाचं, प्रस्तावनेप्रमाणे सात वर्षं खपून लिहिलेलं. "मी खोटं बोलतोय" म्हणणारा माणूस खरं बोलतोय की खोटं, या हजारो वर्षं जुन्या कोड्यापासून ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गणिताचा पाया हादरला तिथपर्यंत. तिसरं प्रकरण तिनं आवडलं म्हणून दोनदा वाचलं होतं, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. पण चौथ्यात तो न्हावी आला. गावात जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत, त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी तो करतो. मग त्याची स्वतःची कोण करणार? केली तर करायची नाही, नाही केली तर करायलाच हवी. लेखकानं त्याला 'अडाणी न्हावी' म्हटलं होतं, आणि गणिताचं तेच झालं, दोन्ही एकाच माळेचे मणी, असं ठोकून दिलं होतं.

"माझे बाबा न्हावी आहेत," ती म्हणाली. "चाळीस वर्षं वस्तरा चालवतायत. मी त्यांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, असा न्हावी असूच शकत नाही, कुणीतरी थाप मारलीय. विषय संपला. यात कोसळलं काय? गणितात मात्र असं म्हणून सुटता येत नाही. तिथे आधीच नियम करून बसले होते, की कुठलीही अट सांगा, ती पाळणाऱ्या सगळ्यांचा संच असतोच. मग जे संच स्वतःच स्वतःत मोडत नाहीत, त्या सगळ्यांचा संच मागितला तर नाही कसं म्हणणार? तो दिला, की विचारा, तो स्वतःत मोडतो का? मोडतो म्हणाल तर मोडत नाही, नाही म्हणाल तर मोडतो, आणि तिथे नियमच खोटा पडला. आणि हे विद्वान आळ घालतायत न्हाव्यावर."

माणसानं एक फाटकं पान गुडघ्यावर सरळ केलं. मग त्यानं विचारलं, हे लेखकालाच का नाही सांगत? सांगणार कसं? प्रूफ तपासणाऱ्यानं लेखकाशी बोलायचं नाही, हा मालकांचा नियम. प्रुफांवर लेखकाचं नावसुद्धा नसायचं. तिनं वेलांट्या आणि स्वल्पविराम बघायचे, बाकी अक्कल घरी ठेवून यायची.

"मग मला सांगा," तो म्हणाला. "मी दर गुरुवारी येतो इथे."

आणि तो यायला लागला. मास्तर आहे, एवढंच त्यानं सांगितलं. तो एक प्रश्न विचारायचा, ती त्याला झापत झापत उत्तर द्यायची, आणि तो... तो ओठ दाबून हसायचा, डोळ्यांनी मात्र सगळं सांगून टाकायचा. गुरुवारी आपण दोनदा केस विंचरतो हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. एकदा त्यानं तिला एका पोक्त तर्कशास्त्रज्ञाची हकिकत सांगितली. आयुष्यभराच्या कामाचा दुसरा खंड छापायला गेलेला, आणि एका तरुणाचं पत्र आलं, की तुमच्या कामाच्या पायातच तडा आहे. त्या माणसानं पत्र लपवलं नाही. पुस्तकाला पुरवणी जोडली आणि तडा कुणी दाखवला ते नावानिशी लिहिलं. ऐकून काकपदचे डोळे भरून आले होते.

सहाव्या गुरुवारी शेवटची प्रुफं आली. चौथं प्रकरण पार बदललं होतं. न्हावी सुटला होता. बाबांची 'थाप' जशीच्या तशी होती, तिचा एकेक युक्तिवाद तिच्याच क्रमानं होता, आणि वर लिहिलं होतं, 'लेखकाच्या असे पुढे लक्षात आले की...'

लेखकाच्या? ती पानं घेऊन तरातरा केबिनशी गेली. दार उघडलं, आणि मालकांबरोबर बाहेर आला तो मास्तर. मालक कौतुकानं म्हणाले, हेच आपले विरोधाभासवाले लेखक. आता सांगा, माणसानं चिडू नये तर काय करावं? पण काकपद एक शब्द बोलली नाही. पानं बाकावर ठेवून ती जिना उतरली. छापखान्यानं तिला असं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

तो छत्री विसरून मागे धावला. फाटकाशी गाठून, धापा टाकत, त्यानं सांगितलं की पुरवणी त्यानंही लिहिली होती, तिच्या नावासकट. मालकांनीच ती काढली. प्रूफवाल्यांची नावं छापली तर आपल्या पुस्तकांत चुका असतात असं लोकांना वाटेल, म्हणाले.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तो खाली बघायला लागला. "काहीच नाही."

"त्या माणसानं अख्ख्या जगापुढे मान्य केलं. तुम्हाला एका मालकापुढे तोंड उघडवलं नाही." तिनं फाटक ढकललं. "न्हाव्याच्या पोरीचं नाव काय, असलं काय आणि नसलं काय."

ती पावसात तशीच निघून गेली.

आठ दिवस ती कामावर गेली नाही. बाबांच्या दुकानात टॉवेलांच्या घड्या घालत बसायची आणि घड्या घालतानाही आपटायची. एखाद्या बड्या माणसानं लबाडी केली असती तर ती विसरली असती. पण हा माणूस तिला आवडला होता, हेच तिला सोसत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी तो पत्ता काढत दुकानात आला आणि सरळ खुर्चीत बसला. बाबांनी कधी त्याला पाहिलं नव्हतं. त्यांनी फेस लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि मान हलवायची नाही म्हणून बजावलं. काकपदनं संधी साधली. सहा गुरुवार तोंडावर गोड बोलून नाव लपवलंत इथपासून सुरुवात करून तिनं त्याला उभा-आडवा सोलून काढला. तो नुसता आरशातून बघत राहिला. एक गाल झाल्यावर बाबांनी वस्तरा वर घेतला.

"बोला आता. पण थोडक्यात, दुसरा गाल बाकी आहे."

"पुस्तक परत घेतलंय," तो आरशातल्या तिला म्हणाला. "पुरवणीशिवाय छापू नका म्हटलं, तर मालकांनी बाड हातात ठेवलं."

"सात वर्षांचं काम? आणि मला विचारलंत?" ती कडाडली.

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. दुसरा छापखाना मिळेल, नाही मिळेल... पण भित्रा म्हणून तुमच्यासमोर उभं राहणं मला जमत नाही. माझं प्रेम आहे तुमच्यावर. बाकावर बसलो त्या दिवशीच सांगायला हवं होतं, मी कोण आणि मला काय वाटतंय. दोन्ही बाबतींत गप्प बसलो." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून मागे धरला.

पुरवणी होती ती. तिचं संपूर्ण नाव होतं, बाबांचंही होतं. बाबांचे हात फेसाचे, म्हणून तिनं मोठ्यानं वाचलं: असा न्हावी असूच शकत नाही, हे मला एका न्हाव्यानं आणि त्याच्या मुलीनं शिकवलं, ही चूक माझी, शोध त्यांचा. बाबांनी वस्तऱ्यावरचा फेस पुसला आणि पुन्हा वाच म्हणाले. दुसऱ्यांदा ती आपल्या नावापाशी अडखळली.

"माझंही आहे तुमच्यावर," ती कागदातून वर न बघता म्हणाली.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला नाही बाबा, त्यांना सांगतेय."

खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी इतका हसायला लागला की बाबांना वस्तरा बाजूला ठेवावा लागला.