तहाला आलेले यजमान

अंगणात मी मुळे वाळत घालत होते, तेवढ्यात दादानं आत बोलावलं. त्याच्यासमोर फळीवर एक मुंडकं ठेवलेलं. शेजारी आमचा भालाईत गेनपाची छाती फुगवून बसला होता.

"चिगुसा, ओळख."

डाव्या कानामागचा भाजल्याचा डाग मी बोटानं चाचपला. "हेच ते."

तोमोहिरा. माझे यजमान. तलवारीइतकंच त्यांच्या कवितांचं नाव होतं. त्यांच्या आणि आमच्या घराण्यात युद्ध पेटलं, तेव्हा दादानं मला माहेरी आणून ठेवलं होतं.

"रडली नाहीस," दादा डोळे बारीक करून म्हणाला. "तो मेला असं समजून आम्ही बेसावध राहावं, हाच बेत ना?"

मी मुंडकं शेजारच्या खोलीत नेऊन धुतलं, केस विंचरून बांधले.

दुपारी नदीपलीकडून तहाचं निशाण आलं. बोलणी करायला स्वतः तोमोहिरा आले.

गेनपाची पांढराफटक पडला. "धनी, या हातांनी कापलंय हो!"

"कुणा शेतकऱ्याचं डोकं आणून बक्षीस मागतोस?"

"दादा, सोड त्याला. मी खोटं नाही बोलले."

त्याला मागच्या आवारात नेलं. ओरडणं एकदम थांबलं.

यजमान दालनात बसले. गळ्याभोवती रेशमी पट्टा घट्ट गुंडाळलेला. ऊन साके, तांदळाची दारू, ओतायला मी वाकले. डाव्या कानामागे तोच डाग.

"अहो, बरे आहात ना?"

"नदीवर गारठा फार," ते म्हणाले. आवाज त्यांचाच.

दादाच्या मनात अजून किंतु होता. "एखादी कविता होऊन जाऊ दे. चिगुसा, तू सुरुवात कर."

"धुकं उतरलं, नदीला काठच उरला नाही," मी म्हणाले.

त्यांनी पेला रिकामा केला. "पलीकडून हाक येते, माझ्याच आवाजात."

ही ओळ दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. दादा खूश झाला. तह ठरला. त्यांची अट एकच, बायको परत हवी.

"उद्या सकाळी पालखी पाठवतो," ते उठत म्हणाले. सबंध सुरई त्यांनी एकट्यानं संपवली होती. पाय जरासुद्धा लटपटले नाहीत.

"खोटारडी," दादा माझ्याकडे बघून हसला. "आवर आता. सासरी जायचंय."

मी शेजारच्या खोलीत गेले. मुंडकं उचलून मांडीवर घेतलं.

मानेतून काहीतरी ठिबकलं. रक्त नव्हतं.

बोट नाकाशी नेलं. साके होती.

अजून ऊन.