कॅरिअरवरची वीट

ही गोष्ट घडलेली आहे. पटवून द्यायला मी बसलेलो नाही. मारुतीलाही कोणाला पटवायचं नाही. भुतांची त्याला चीड होती, आणि भूत पाहिल्याचं सांगणाऱ्यांची त्याहून जास्त.

त्र्याण्णव सालचा जानेवारी. ठिकाण, महूपासून दोन कोसांवर ओढ्याकाठी पडलेलं एक जुनं देऊळ. वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे दोन वाजले होते.

मारुती इंदूरच्या एका मिलमध्ये मागावर होता. मिल बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. बावीस वर्षांच्या खडखडाटात कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं समजून घ्यायचा. मिलमधले सगळेच तसे.

बायको यमुना दिवाळीआधी गेली.

त्या देवळात हिरव्या बांगड्या वाहायच्या, असं ती वर्षानुवर्षं म्हणत होती. मारुती हसायचा. म्हणायचा, ज्या देवाला स्वतःचं छप्पर सांभाळता आलं नाही, तो तुझं काय सांभाळणार? 

आता बांगड्या तेवढ्या राहिल्या होत्या. म्हणून तो निघाला. श्रद्धा नव्हती. तिचं एक काम राहिलं होतं, ते उरकायचं होतं.

महू स्टेशनबाहेर श्रीहरीच्या दुकानातून त्याने भाड्याची सायकल घेतली. कॅरिअरवर सुतळीने एक वीट बांधलेली होती.

मारुतीने ती सोडायला हात घातला, तेव्हा श्रीहरी मधे आला.

"राहू द्या, भिया. बांगड्या आहेत, म्हणजे त्या देवळाच्या खंडहरला चाललात ना? तिथून रिकामं कॅरिअर कोई नहीं लाता. काही ना काही बसतंच मागे."

"बसू दे की," मारुती म्हणाला. "बसणाऱ्याला म्हणावं, पाय वर घे. चाकात जातील."

श्रीहरी हसला नाही.

देऊळ म्हणजे काय, सीताफळीच्या झुडपांत पडलेले खांब. कळस उताणा. गाभाऱ्यात मूर्ती नाही, चौथरा नाही, वटवाघळांची घाण तेवढी. ह्याच्यासाठी ही बाई झुरत होती. मारुतीला हसू आलं आणि रागही आला.

बांगड्या घाणीत ठेवायच्या कशा? त्याने कॅरिअरवरची वीट सोडली, गाभाऱ्यात टेकवली आणि तिच्यावर बांगड्या ठेवल्या.

"घे," तो रिकाम्या भिंतीला म्हणाला. "मेल्यावर तरी घे."

नमस्कार केला नाही. सायकलवर टांग टाकली आणि निघाला.

पन्नास पावलं गेला असेल…

सायकल जड झाली.

टायर बसला असं त्याला वाटलं. वाकून पाहिलं. टायर टणक होता. श्रीहरीच्या सायकलींना त्याने एक शिवी हासडली आणि जोर लावला.

मग पाठीवर…

दोन थापा. हलक्या.

मारुतीचे पाय थांबले. सायकल आपोआप चालत राहिली.

यमुना मागे बसली की पाठीवर दोन थापा मारायची. 'बसले' असं तोंडाने सांगून ह्याला ऐकू यायचं नाही, म्हणून. हे त्या दोघांनाच माहीत होतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

त्याने मागे पाहिलं नाही. आयुष्यभर ज्यांना हसला, त्या सगळ्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे आले. हसोत, म्हणाला. तीच असली तर काय वाटेल ते हसोत.

पुढे चढ होता.

चढ आला की यमुना न सांगता उतरायची. नवऱ्याला दम लागू नये म्हणून. पंचवीस वर्षांत एकदाही सांगावं लागलं नव्हतं.

मारुती वाट बघत राहिला. आता हलकी होईल. आता होईल.

सायकल हलकी झाली नाही…

जास्त जड झाली.

"यमुने," तो म्हणाला, "चढ आहे."

ओढ्याकडून वारा येत होता तो थांबला. झुडपांची सावली रस्त्यावर हलत होती, तीही थांबली.

मग पाठीवर पुन्हा दोन थापा.

ह्या वेळी जरा जोरात.

तो उतरला नाही, ओरडला नाही. उभा राहून पेडल मारत चढ चढला.  दुकानासमोर पोचला तेव्हा सायकल हलकी होती. कुठे हलकी झाली, ते त्याला सांगता येत नाही.

श्रीहरीने आधी कॅरिअरकडे पाहिलं. मग दुसरी वीट आणून बांधली.

"माझी बायको होती," मारुती म्हणाला. अजूनही आवाजात तोच तोरा.

"सबको अपनाच माणूस वाटतं, भिया," श्रीहरी म्हणाला. त्याने ओठ मुद्दाम सावकाश हलवले, ह्याला नीट कळावं म्हणून.

पुढे मारुतीने जुनी सायकल विकत घेतली. तिच्या कॅरिअरवर वीट असते. इंदुरात, पलासिया भागात ओळखीचे लोक विचारतात, ही वीट कशाला? तर तो म्हणतो, तुमच्यासारखं कोणी मागे बसू नये म्हणून.

पण यमुनेच्या तिथीला तो वीट सोडून ठेवतो. महूला जातो. त्या चढाखाली येतो आणि सावकाश, अगदी सावकाश पेडल मारतो.

थापा दर वर्षी पडतात.

चढावर अजून कोणी उतरलेलं नाही.