हाराची बॉर्डर

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि रात्रीबेरात्री नाही, भर दुपारी, पुण्यात, शनिवार पेठेत.

साल २००३. श्यामलामावशी वाशिमहून नुकतीच पुण्यात आली होती. आयटीत नोकरी मिळेल या आशेवर तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मिळाली ती गोपाळकृष्ण काकांच्या फोटो स्टुडिओत. काम एकच, फोटोंना बॉर्डर लावायची. तेव्हा त्याचं भारी वेड होतं. बारशाला टेडी, लग्नाला गुलाब नाहीतर मोर. आणि माणूस गेलं, की चंदनाच्या हाराची बॉर्डर.

काकांचा नियम एकच होता. हाराची बॉर्डर जिवंत माणसाच्या फोटोला लावायची नाही. चुकून नाही, गमतीत नाही, बघण्यापुरतीसुद्धा नाही.

एके दिवशी दुपारी दुकान बंद व्हायच्या वेळेला महिपती नावाचे गृहस्थ आले. आईचा, दुर्गाबाईंचा फोटो करायचा होता, हाराची बॉर्डर घालून. फोटो चार वाजता आणून देतो, तोवर बॉर्डर तयार ठेवा, म्हणाले. काकांनी हळहळ व्यक्त केली. महिपती घाईघाईने निघून गेले.

मग काकांनी शटर ओढून बाहेरून कुलूप लावलं. एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद. मावशी आत बसून डबा खायची, राहिलेली कामं उरकायची. रोजचंच होतं ते.

तिने हार तयार केला. पण तो चेहऱ्याभोवती नीट बसतोय का, हे बघायला एखादा फोटो हवा होता. गिऱ्हाइकाचा लावायला तिचा हात धजेना. कॉम्प्युटरवर तिचाच पासपोर्टचा फोटो पडून होता...

तिने तो लावला. बघायचं आणि काढून टाकायचं, त्यात काय एवढं.

हार अगदी मापात बसला.

आणि पंख्याचा आवाज थांबला...

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता.

बाहेरच्या रिक्षा, सायकलच्या घंट्या, समोरच्या गिरणीची घरघर... काहीच नाही. शनिवार पेठ अशी गप्प कधी नसते.

तिने फोटो डिलीट केला. गेला... आणि परत आला. हार काढून पाहिला. तोही परत आला. घाबरून तिने वायरच उपटली.

स्क्रीन चालूच राहिला.

ती शटरकडे धावली आणि दोन्ही हातांनी ते बडवायला लागली. हात लाल झाले, पण आवाज नाही. फोन उचलला, तर तोही मुका. ती ओरडली, जीव खाऊन ओरडली. तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही.

भिंती होत्या तिथेच होत्या. तरी कोणीतरी चारी बाजूंनी आवळत आणतंय, असं तिला वाटत राहिलं. इथून बाहेर पडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चार वाजता शटर वर गेलं. ती धावली... आणि उंबऱ्यापाशी अडली. पाऊल पुढे पडेचना.

काका तिला घासून आत गेले.

“कुलूप बाहेरून होतं. मग बाईसाहेब गेल्या कुठून?” ते पुटपुटले. त्यांचं बोलणं तिला फार लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. तिने त्यांची बाही ओढली. त्यांनी धूळ झटकावी तशी ती झटकली.

मग त्यांचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. ते खुर्ची ओढून बसले. त्यांनी तिचा फोटो काढून टाकला. तो परत आला. पुन्हा काढला... पुन्हा आला.

त्या हाराला रिकामं राहायचं नव्हतं. मावशीला ते तेव्हा कळलं.

तेवढ्यात महिपती आले. फोटोची सीडी त्यांनी काकांच्या हातात दिली आणि खजील होऊन म्हणाले, “एक सांगायचं राहिलं. आई अजून आहे. दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी आशा सोडलेली, म्हटलं ऐन वेळी धावपळ नको. पण आत्ता दुपारी तिने चहा मागून घेतला. राहू द्यायचं का?”

“चहा पिणाऱ्या आईला हार घालायला निघालात. धन्य आहे तुमची,” काका म्हणाले.

महिपतींनी सीडी परत घ्यायला हात पुढे केला.

“लावा...”

काका दचकले. “काय म्हणालात?”

“मी? मी कुठे काय म्हणालो?”

पण काकांच्या हाताने सीडी आत सरकवलीही होती. दुर्गाबाईंचा चेहरा हारात जाऊन बसला.

पंख्याची खरखर मावशीच्या कानात शिरली. मागोमाग रिक्षाचा हॉर्न. काकांनी वळून पाहिलं, तर ती त्यांच्या मागेच उभी.

कोणी काही विचारायच्या आत महिपतींचा मोबाइल वाजला. दवाखान्यातून होता.

मावशीने ती नोकरी सोडली. काकांनीही तिला कधी काही विचारलं नाही. मी मात्र गेल्या दिवाळीत विचारलं, की ‘लावा’ कोण म्हणालं? तूच ना?

तिने हातातली पणती खाली ठेवली. मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

“मी तोंड उघडलंच नव्हतं रे,” ती म्हणाली. “नुसतं मनात आलं होतं. सगळी दुपार घसा फोडून ओरडले, ते कोणाला ऐकू गेलं नाही. आणि हे तेवढं गेलं.”